वाटा मागायचा तो कशात?

जानेवारी 2026 मध्ये राज्यातल्या 29 महापालिकांच्या निवडणुका झाल्या. मुंबईत मार्च 2022 पासून नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. इतर बऱ्याच शहरांची स्थितीही तीच होती. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी महापालिकेसाठी आयुष्यात पहिल्यांदाच मत दिले असेल. मत मागायला आलेल्यांना आपण पाणी विचारले, गटार विचारले, रस्ता विचारला. महापालिकेत नोकरी कोणाला मिळते, कशी मिळते आणि जी मिळते तिला नोकरी म्हणावे का, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. हा अंक निवडणुकीनंतर निघतो आहे, म्हणून हा विषय आता घेतो आहोत. मते मागून झाली आहेत, अंदाजपत्रके मांडली जाणार आहेत, आणि नोकऱ्यांचा निर्णय अंदाजपत्रकात होतो.

पक्की सरकारी नोकरी म्हणजे काय, याचे ताजे उदाहरण पाहू. 2024 च्या ऑगस्टमध्ये मुंबई महापालिकेने कार्यकारी सहायक, म्हणजे आपण ज्याला लिपिक म्हणतो, त्या पदाच्या 1,846 जागांची जाहिरात काढली. वेतनश्रेणी 25,500 ते 81,100, वर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, रजा, वैद्यकीय सोय. पण जाहिरातीत एक अट होती: दहावी आणि पदवी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण. एकदा नापास होऊन, काम करत करत पुन्हा परीक्षा दिलेल्या हजारो मुलामुलींना या एका ओळीने बाहेर काढले. ओरड झाली, राजकीय पक्ष उतरले, आणि महिनाभरात अट काढून नवी जाहिरात आली. या प्रकरणात आपल्या मोहल्ल्यांतल्या किती जणांनी आवाज केला? फार थोड्या. बहुतेकांपर्यंत जाहिरातच पोहोचली नव्हती. अट आली आणि गेली, दोन्ही आपल्या पाठीमागे.

मुंबईचा मराठी मध्यमवर्ग गिरणीने जेवढा घडवला तेवढाच महापालिकेने, बेस्टने, बँकांनी आणि विमा कंपन्यांनी घडवला. चाळीतल्या एका खोलीतून मुलगा लिपिक झाला की पुढच्या पिढीत इंजिनिअर निघायचा. हे आपोआप झाले नाही. सत्तरच्या दशकात शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीने बँका, विमा कंपन्या आणि विमान कंपन्यांच्या दारात उभे राहून मराठी तरुणांच्या भरतीचा आग्रह धरला. त्या राजकारणाशी आपला वाद आहे आणि राहील. शत्रू ठरवल्याशिवाय ते चालत नव्हते, आणि पुढे त्या शत्रूंच्या यादीत आपलेही नाव आले. पण त्या कार्यकर्त्यांची कामाची पद्धत बघण्यासारखी आहे. जाहिराती कापून फळ्यावर लावणे, अर्ज भरून देणे, परीक्षेचे वर्ग चालवणे, कोणत्या कार्यालयात किती जागा रिकाम्या आहेत याची वही ठेवणे. भाषणे होतीच, पण ही वही नसती तर भाषणांना अर्थ उरला नसता. कोकणी, दख्खनी, वऱ्हाडी, खानदेशी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत वाढले, बोलतातही इथलीच भाषा. भूमिपुत्राच्या त्या व्याख्येत त्यांना कोणी बसवले नाही हे खरे आहे. आपणही वही उघडली नाही, हेही खरे आहे.

आता आकड्यांकडे. 2006 च्या सच्चर समितीने सांगितले की भारतीय प्रशासकीय सेवेत मुसलमान 3 टक्के, पोलीस सेवेत 4 टक्के, आणि रेल्वेत साधारण साडेचार टक्के. रेल्वेतल्या या लोकांपैकी जवळजवळ सगळे खालच्या पदांवर. महाराष्ट्र सरकारने 2008 मध्ये महमूद-उर-रहमान समिती नेमली. तिने राज्यातल्या मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करून शिक्षणात आणि नोकऱ्यांत आरक्षणाची शिफारस केली. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात आपण साडेअकरा टक्के आहोत. 2014 च्या जुलैत तेव्हाच्या सरकारने मागास मुस्लिम गटांना 5 टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातल्या नोकऱ्यांच्या भागाला स्थगिती दिली आणि शिक्षणातला भाग तात्पुरता चालू ठेवला. पुढच्या सरकारने अध्यादेशाचा कायदाच केला नाही, तो आपोआप संपला. तेव्हापासून दर निवडणुकीत ते 5 टक्के व्यासपीठावर येतात आणि निकालानंतर गुंडाळून ठेवले जातात.

ती मागणी सोडावी असे आम्ही म्हणत नाही. पण 5 टक्के कशाचे, हे विचारायला हवे. आरक्षण पदांवर लागते: मंजूर पदे, बिंदुनामावली, जाहिरात, परीक्षा, निवड यादी. शहराचे काम यातल्या कशाशिवाय चालू लागले असेल तर 5 टक्के काय आणि 50 टक्के काय, शून्याचा वाटा शून्यच येतो. आणि गेल्या तीस वर्षांत शहराचे काम हळूहळू तसेच चालू लागले आहे.

मुंबईच्या कचऱ्याची गोष्ट घ्या. नव्वदच्या दशकापासून कचरा उचलण्यासाठी महापालिकेने कंत्राटदार नेमायला सुरुवात केली. कंत्राटी कामगार कायदा 1970 चा, आणि तो लागू व्हायला एका कंत्राटदाराकडे किमान 20 कामगार लागत. मग कंत्राटांचे तुकडे झाले, प्रत्येकाकडे विसाच्या आत माणसे. काही कंत्राटे स्वयंसेवी संस्थांच्या नावाने दिली गेली, कामगार ‘स्वयंसेवक’ झाले आणि पगाराचे मानधन झाले. तोच झाडू, तीच गाडी, तोच रस्ता, शेजारी महापालिकेचा कायम कामगार, त्याचा पगार कितीतरी पट. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हे कोर्टात नेले. ऑक्टोबर 2014 मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने 2,700 कामगार महापालिकेचेच आहेत असा निवाडा दिला. महापालिका उच्च न्यायालयात गेली, हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली, एप्रिल 2017 मध्ये तिथेही हरली. एवढे होऊनही कामगारांच्या नावांच्या स्पेलिंगमध्ये फरक, कागदपत्रांत तफावत अशी कारणे देत शेकडो जणांना पुढेही ताटकळत ठेवले गेले. शेख, शेक, शैख यांच्यात आयुष्य अडकलेल्या आपल्या लोकांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आणि हे देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेत. 2025-26 चे तिचे अंदाजपत्रक 74 हजार कोटींच्या वर होते. पैसा नाही म्हणून कंत्राट, हे कारण मुंबईला तरी लावता येत नाही. त्याच 2025 च्या उन्हाळ्यात तिने शहराच्या मोठ्या भागात कचरा गोळा करणे आणि वाहून नेणे हे काम सेवाआधारित कंत्राटाने देण्याची निविदा काढली. संपाचा इशारा देऊन कामगार संघटनांना रस्त्यावर यावे लागले.

मुंबईबाहेर मात्र पैशाचा प्रश्न खरा आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा, कारण भिवंडी, मालेगाव, परभणी, नांदेड, अकोला इथले आपले वाचक त्याच महापालिकांच्या दारात उभे आहेत. पूर्वी शहराचे मोठे उत्पन्न जकातीचे होते. ट्रक नाक्यावर थांबे, पैसे भरे, आणि ते थेट महापालिकेच्या तिजोरीत येत. नाक्यावर भ्रष्टाचार होता, व्यापारी वैतागलेले होते, सगळे मान्य. पण पैसा शहराचा स्वतःचा होता. मुंबईबाहेर जकात टप्प्याटप्प्याने गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट 2015 पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. 2017 मध्ये जीएसटी आला आणि मुंबईची जकातही संपली. आता दर महिन्याला राज्य सरकारकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्यावर महापालिका जगतात. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांना अधिकार देण्याचे ठरवले होते. अधिकार पूर्ण आले नाहीत, आणि जे उत्पन्न होते तेही मंत्रालयामार्गे फिरून येऊ लागले.

याचा नोकरीशी संबंध असा. महापालिकेत किती पदे असावीत याचा आकृतिबंध राज्य सरकार मंजूर करते. भरतीसाठी अट असते की आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्ते-निवृत्तिवेतन, उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या आत हवा. उत्पन्न कमी, निवृत्तिवेतन जास्त, त्यामुळे लहान महापालिकांचा आकडा 35 च्या पुढे जातो आणि भरती अडते. काम तर थांबवता येत नाही. मग कंत्राट निघते. कंत्राटदाराला दिलेला पैसा हिशेबात पगार म्हणून येतच नाही, तो सेवेचा खर्च म्हणून वेगळ्या रकान्यात जातो. त्यात कंत्राटदाराचा नफा असतो, त्या नफ्यातून कोणाकोणाला काय पोहोचते ते आपल्या वॉर्डातल्या कोणालाही विचारा, वर जीएसटीचा हिशेब असतो. शहराचे पैसे वाचतात की नाही हे प्रत्येक कंत्राट तपासून ठरवावे लागेल. कागदावर आस्थापना खर्च मात्र नक्की कमी दिसतो. साध्या भाषेत, माणूस ठेवायला बंदी आहे, माणूस भाड्याने आणायला नाही.

राजकारणाला ही व्यवस्था सोयीची पडते. परीक्षा देऊन लागलेला लिपिक कोणाचा उपकार मानत नाही. तो सुट्टीच्या दिवशी सभेला येत नाही, बॅनर बांधत नाही. कंत्राटी कामगार मात्र कोणाच्या तरी शब्दावर लागलेला असतो. तो शब्द नगरसेवकाचा असतो, त्याच्या भावाचा, मेहुण्याचा, नाहीतर मुकादमाचा. नूतनीकरणाच्या वेळी त्याला पुन्हा तोच शब्द लागतो. अकरा हजारांची नोकरी देणाऱ्याचा आयुष्यभर ऋणी राहणारा मतदार आणि कार्यकर्ता एकाच माणसात मिळत असेल तर पक्के पद निर्माण करण्यासाठी सभागृहात भांडायला कोण उठेल? ही गोष्ट पक्षाची नाही. आपल्या समाजाच्या नगरसेवकांनाही ती तेवढीच लागू आहे. मालेगाव आणि भिवंडीत महापौरपद मुसलमानांकडे राहिले आहे, स्थायी समितीत आपली माणसे बसली आहेत. त्या शहरांत आपल्या तरुणांना पक्क्या नोकऱ्या किती मिळाल्या आणि कंत्राटे कोणाला मिळाली, हा हिशेब आपण आपल्याच लोकांकडे मागायला हवा. तो मागितला की ‘समाजात फूट पाडता’ असे ऐकावे लागेल. ऐकून घ्यावे.

कंत्राट मुसलमानांच्या बाबतीत जास्त जाचक ठरते ते एका विशिष्ट कारणाने, आणि या लेखात सांगायची मुख्य गोष्ट तीच आहे. घटनेचे कलम 16 सांगते की सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव करता येणार नाही. हे बंधन राज्यसंस्थेवर आहे, महापालिकेवरही आहे. खासगी कंत्राटदारावर नाही. महापालिकेच्या परीक्षेत तुमचे गुण यादीत लागतात. नाव शेख असो की शिंदे, गुण झाकता येत नाहीत, आणि डावलले तर कोर्टात जाता येते. कंत्राटदाराच्या मुकादमाने नाव ऐकून ‘जागा भरली’ म्हटले तर? ना जाहिरात, ना यादी, ना नकाराचा कागद. तक्रार करायची तरी कशाची? बिंदुनामावली नाही, म्हणून ओबीसी मुसलमानांचा वाटा नाही. दलितांचा नाही, आदिवासींचा नाही, अपंगांचा नाही, महिलांचा 30 टक्के समांतर वाटाही नाही. एका निविदेत हे सगळे एकदम संपते, आणि त्यासाठी कोणाला आरक्षणाविरुद्ध एक शब्दही बोलावा लागत नाही.

म्हणून कचरा उचलणाऱ्या दलित कामगाराने पक्क्या पदासाठी दिलेली लढाई आणि आपल्या पदवीधर मुलीने लिपिक होण्यासाठी चालवलेली तयारी या एकाच बाजूच्या गोष्टी आहेत. आपल्यातल्या अनेकांना तो कामगार दूरचा वाटतो. तो दूरचा नाही. मुसलमानांतही हलालखोर, लालबेगी, मेहतर आहेत. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतात. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, मुसलमान आणि ख्रिश्चन दलितांना अजून नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने ती धर्माची अट काढा असे सुचवले, 2022 मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. तोच मैला, तीच गटार, पण कागदावर वेगळा माणूस. मशिदीत एका सफेत उभे राहिल्यावर सारे सारखे असतात हे आपण अभिमानाने सांगतो. सफाई कामगाराच्या घरी सोयरीक जुळवायची वेळ आली की काय होते तेही आपल्याला माहीत आहे.

लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. हे संरक्षण हवेच, पण त्यातली कोंडी दिसते ना? वडिलांचा झाडू मुलाच्या हाती येणे हीच सर्वांत खात्रीची सरकारी नोकरी. आणि पद कंत्राटी झाले तर तेवढेही नाही. देवनारच्या कचराभूमीच्या कडेला गोवंडी-शिवाजीनगरमध्ये जी मुले प्लास्टिक, काच, लोखंड वेगळे करतात ती तर कोणत्याच हजेरीपटावर नाहीत. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात त्या एम-पूर्व विभागाचा निर्देशांक सगळ्या विभागांत खाली, 0.05 होता. शहराचा कचरा तिथे जातो, शहराची नोकरी तिथे येत नाही.

कचऱ्यावर जास्त बोललो, पण बाकीची खातीही त्याच वाटेने निघाली आहेत. बेस्टने भाडेतत्त्वावर बस घेतल्या: बस कंत्राटदाराची, चालकही त्याचा, रंग आणि क्रमांक तेवढा बेस्टचा. डिसेंबर 2024 मध्ये कुर्ल्यात अशाच एका विजेवरच्या बसने अनेकांना चिरडले, तेव्हा चालकाला त्या गाडीचे प्रशिक्षण किती दिवसांचे होते हा प्रश्न सगळ्यांना पडला. अपघाताला नेमके कोण जबाबदार ते कोर्ट ठरवील. पण चालकाची भरती, प्रशिक्षण आणि पाळी ज्याच्या हातात नाही ती बेस्ट प्रवाशाला कसली हमी देणार? आरोग्य सेविकांचेही तेच. मोहल्ल्यात दारोदार जाऊन लसीचे डोस, गरोदर बाईची नोंद, क्षयरोग्याच्या गोळ्या बघणारी बाई अनेकदा आपल्याच गल्लीतली असते. पोलिओच्या वेळी अफवा पसरलेल्या घरांची दारे तिच्याच शब्दावर उघडली. तिला मिळते ते मानधन. कर्मचारी म्हटले तर भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी द्यावी लागेल, म्हणून ती ‘स्वयंसेविका’.

उर्दू शाळांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. महापालिकांच्या उर्दू शाळेतली शिक्षिका ही मुस्लिम मुलीची सर्वांत जुनी आणि घरच्यांना सर्वांत मान्य सरकारी नोकरी आहे. आज ती नोकरी म्हणजे टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, मग शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षे 16,000 रुपये मानधन. तरीही ती वाट खुली आहे, आणि ती पक्क्या पदाकडे जाते. शाळा ओस पडू दिली तर मात्र पदही जाते. पटसंख्येवर पदे ठरतात, हे उर्दू वाचवा म्हणणाऱ्या आणि स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घालणाऱ्या आपल्या नेत्यांना कोणीतरी सांगायला हवे.

कायदा कोणाच्या बाजूने आहे? दोन्हीकडे बोलतो. 2006 च्या उमादेवी निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मागच्या दाराने लागलेल्याला कायम होण्याचा हक्क नाही. हेतू बरोबर होता, वशिल्याला चाप लावायचा. पण पुढे प्रशासनाने तो निकाल ढालीसारखा वापरला: आम्हीच तुम्हाला मागच्या दाराने घेतले, म्हणून तुम्हाला हक्क नाही. 2016 च्या जगजीत सिंग निकालाने तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतनाचे तत्त्व लावले. डिसेंबर 2024 मध्ये जग्गो प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट म्हटले की वर्षानुवर्षे नियमित काम करणाऱ्यांना नाकारण्यासाठी उमादेवीचा आधार घेऊ नये.

नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि 1970 च्या कंत्राटी कायद्याची जागा त्यांनी घेतली. 20 कामगारांची मर्यादा 50 झाली. महाराष्ट्राने ती आपल्यापुरती आधीच केली होती. आता आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार ठेवता येणार नाहीत असे संहिता म्हणते, आणि लगेच स्वच्छतेचे काम मुख्य कामात धरत नाही. मात्र तिथे एक अट आहे: ती आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर. आता सांगा, शहर स्वच्छ ठेवणे हे महापालिकेचे मुख्य काम नाही तर कोणाचे? हा युक्तिवाद कोर्टात लढवावा लागेल. आणखी एक पळवाट आहे. जे काम रीतीप्रमाणे कंत्राटदाराकडूनच होत आले आहे त्याला सूट आहे. म्हणजे आधी वीस वर्षे कंत्राट चालवायचे आणि मग म्हणायचे की आमच्याकडे ही रीतच आहे.

ओरडून काही होत नाही असे वाटत असेल तर 2023 आठवा. त्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी खात्यांत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले जिल्ह्याजिल्ह्यांत रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. त्या मोर्चांत मराठा, माळी, धनगर, बौद्ध सगळी मुले होती. आपली होती, पण थोडी, कारण मुळात अभ्यासिकांमध्येच आपण थोडे आहोत.

इथे आपल्या घरातले काही बोलायला हवे. ‘आपल्याला कोण घेणार’ हे वाक्य आपल्याकडे इतके चालते की अर्ज भरण्याआधीच निकाल लागलेला असतो. त्यात अनुभवाचा भाग आहे, भेदभाव खोटा नाही. पण लेखी परीक्षेच्या भरतीत तो सर्वांत कमी चालतो, आणि आपण नेमके तिथेच गैरहजर असतो. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांवर जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. स्पर्धा भयंकर आहे, शुल्कच हजाराच्या घरात. पाच ठिकाणी अर्ज केला की गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलाचा अर्धा पगार गेला. म्हणून शुल्काचा प्रश्न आपल्या संघटनांनी उचलायला हवा. रमजानच्या जकातीतला काही भाग गरजू मुलामुलींच्या परीक्षा शुल्कासाठी देता येईल का, हे ज्यांना मसला माहीत आहे त्यांच्याशी बोलावे.

दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची. नव्वदच्या दशकात शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लिम ओबीसी चळवळ उभी केली, दिलीपकुमारसारखा माणूस तिच्या व्यासपीठावर आला. मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मणियार, खाटीक अशा किती तरी बिरादऱ्यांना ओबीसीत जागा आहे, छप्परबंद तर विमुक्त जातींत आहेत. म्हणजे नवे आरक्षण मिळेल तेव्हा मिळेल, आज हातात असलेलेच आपण पुरते वापरत नाही. कारण शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’ लिहिलेले असते. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 आणि विमुक्त जातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा, चुलत आजोबा, आत्या यांच्या जुन्या शाळेचे रजिस्टर, कोतवाल बुक, जुनी खरेदीखते शोधावी लागतात. हे काम जाहिरात आल्यावर पंधरा दिवसांत होत नाही. नववी-दहावीत असतानाच सुरू करावे लागते. ‘आमच्यात जात नाही’ असे म्हणत दाखला न काढणाऱ्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे की मग लग्ने बिरादरीतच का ठरवता.

आणि मराठी. लिपिकाच्या परीक्षेत मराठी व्याकरण असते, पुढे मिनिटाला 30 शब्दांचे मराठी टंकलेखन लागते, फाइलवर टिपणी मराठीत लिहायची असते. तुम्ही हे वाचत आहात म्हणजे तुमची अडचण नाही. तुमच्या शेजारच्या उर्दू माध्यमातल्या मुलाची आहे. त्याला आठवड्यातून दोन संध्याकाळी मराठी शिकवणे हे काम कोणत्याही आयोगाची वाट न बघता आजपासून करता येते.

लोकाधिकारवाल्यांच्या त्या वहीकडे परत येऊ. आपल्या महापालिकेचा मंजूर आकृतिबंध किती पदांचा, त्यातली रिकामी किती, कंत्राटी माणसे किती, कोणत्या कंत्राटदारामार्फत, त्याला दर माणसामागे किती पैसे मिळतात आणि कामगाराच्या बँक खात्यात किती जमा होतात, हे माहितीच्या अधिकारात मागता येते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा, म्हणून हे प्रश्न दोन-तीन अर्जांत वाटून टाका. उत्तर यायला तीस दिवस. पहिले उत्तर बहुधा ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे येईल, तेव्हा अपील करा. मिळालेली उत्तरे आमच्याकडे पाठवा. येत्या अंकांपासून शहरवार ती या पानावर छापू, आणि पहिली प्रत त्या त्या शहराच्या स्थायी समितीत बसलेल्या आपल्या नगरसेवकांना देऊ.